ड्रायर ऐकणाऱ्या वहिनी

"जरा गप राहा जी. यायले ऐकू द्या."

घरात आल्यावर पाच मिनिटांच्या आत वहिनी हे वाक्य म्हणायच्या. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं नवऱ्याच्या मनगटावर ठेवायच्या. मग आम्ही पंखा बंद करायचो, टीव्ही बंद करायचो, बोलता बोलता थांबायचो. नवरा मशीनच्या ड्रायरवर ओणवा झालेला असायचा आणि वहिनी त्याच्या शेजारी उकिडव्या, डोळे मिटून बसलेल्या. जणू त्या देवळातच बसल्या आहेत.

आमच्याकडे ड्रायर म्हणजे गरम हवेचं मोठं यंत्र नव्हे. दोन टबांच्या वॉशिंग मशीनमध्ये उजवीकडे जो लहान टब असतो, कपडे गरागरा फिरवून पाणी काढणारा, तो आमचा ड्रायर. तो बिघडला की मिस्त्री बोलवायचा. तुमच्याही गल्लीत असा मिस्त्री येत असेल. पण प्रत्येक कामाला बायकोला स्कूटरवर मागे बसवून आणणारा मिस्त्री तुम्ही पाहिलाय का? मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या वॉर्डानं तो पाहिला, आणि त्याची यथेच्छ चेष्टाही केली. "बायको सोडतच नाही त्याले," असं कोणी म्हणायचं. "तोच सोडत नाही," असं दुसरं कोणी.

त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, म्हणून त्या वहिनी. उंचीनं ठेंगण्या, सावळ्या, माहेर लांजीचं. खांद्याला हत्यारांची जड पिशवी. आल्या की "जयभीम ताई" म्हणायच्या, चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवायच्या आणि आधी मशीनकडे नाही, खिडक्यांकडे पाहायच्या. रस्त्याकडची खिडकी उघडी असेल तर स्वतःच लावून घ्यायच्या.

माझ्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा श्रावण होता. मी तेव्हा सरकारी कचेरीत बाबू होते आणि घरी मी आणि आई, अशा दोघीच. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे बोलायची, पण शब्द तोंडातच विरघळायचे. दिवसाला चार-पाच चादरी धुवाव्या लागत. आमच्याकडचा पाऊस असा की दोरीवरची चादर तीन दिवस ओलीच राहते आणि चौथ्या दिवशी तिला वास येतो. ड्रायर होता म्हणून माझी नोकरी होती, असं म्हटलं तरी चालेल. तो एका सकाळी थांबला तेव्हा मला रडूच आलं होतं.

भाऊंनी प्लग लावला, टायमर फिरवला. वहिनींचं ते वाक्य झालं, पंखा बंद झाला. मशीनमधून नुसता बारीक घूंऽ असा आवाज येत होता. वहिनींची दोन बोटं भाऊंच्या मनगटावर दाबली गेली आणि तशीच राहिली. भाऊंनी टबाला हातानं हलकासा धक्का दिला. टब फिरायला लागला.

"कंडेन्सर," भाऊ म्हणाले. इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.

"कंडेन्सर गेला जी," वहिनी म्हणाल्या. "मोटर उठाले पाहते, पन जोर नाही येत तिले. नवा टाकला का झालं."

आणि खरंच झालं. त्या दिवशी जाताना वहिनींनी आईच्या खोलीत डोकावून हात जोडले. आई काहीतरी बोलली. वहिनी क्षणभर थांबल्या, पण स्कूटर सुरू झाली होती.

दुसऱ्यांदा ते आले ते पौष महिन्यात. टायमर अडकत होता. मी चहा केला आणि भाऊंच्या मागे उभी राहून म्हटलं, "भाऊ, चहा घ्या." त्यांनी मान वळवली नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून स्टीलचं ताट पडलं. असलं ताट पडतं तेव्हा फरशीवर किती वेळ नाचत राहतं तुम्हाला माहीत आहे. मी दचकले, वहिनी दचकल्या, आतून आई ओरडली. भाऊ शांतपणे पेचकसानं स्क्रू काढत होते.

वहिनी ताट उचलायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "भाऊंना ऐकू येत नाही ना?"

त्यांनी ताट पदरानं पुसलं, जागेवर ठेवलं. मग दार लोटून घेतलं. ज्याला ऐकूच येत नव्हतं, त्याच्यासाठीच दार लोटलं, हे आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आलं आणि वहिनींना हसू आलं.

"वीस वर्षं वारासिवनीच्या राइस मिलमंदी होते जी. मशीनच्या बाजूलेच. मोटरा तेच पाहत. तिथं कान गेले, हळूहळू. मले तर समजलंच नाही. मले वाटे, मानूस रागावला हाय माह्यावर. बोललं तर उत्तर नाही. सहा महिने मी भांडली जी त्यायच्यासंग. ते बिचारे पाहून राह्यले माह्या तोंडाकडे, का ही बाई तोंड काहून हालवते एवढी!"

"मग कानाचं मशीन?"

"आनलं होतं. लावलं आन् काढून फेकलं. म्हने सगळंच मोठं येते. भांडे बी, कुत्रे बी, मी बी. पुन्हा मिलमंदी बसल्यासारखं."

मिल सुटल्यावर भाऊंनी घरोघरच्या मशीन दुरुस्त करायला घेतल्या. हात तयार होतेच. पण मोटरचं निम्मं दुखणं कानानं कळतं. म्हणून वहिनी सोबत निघाल्या. घरघर असेल तर बोट ओढायचं. टकटक असेल तर बोटानं ठोकायचं. घूं असेल तर दाबून धरायचं, आणि ठिणगीची चर्रचर्र ऐकू आली तर चिमटा. चिमटा बसला की भाऊ आधी प्लग काढत.

"कोनाले सांगू नका ताई," त्या म्हणाल्या. "लोकायले वाटन, बहिरा मानूस करंटचं काम काय करन. यायच्या हातात कसूर नाही जी काही."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

आणि मी सांगितलं.

वाईट हेतूनं नाही. कचेरीत डबा खाताना नवराबायकोंच्या गोष्टी निघाल्या होत्या. कोणाचा नवरा कसा, कोणाचा कसा. मला वहिनींची ती दोन बोटं आठवली आणि राहवलं नाही. ऐकणाऱ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कौतुकानं तिच्या घरी सांगितलं. कौतुकानंच ते पुढे गेलं असेल, पण दोन-चार घरं फिरल्यावर त्यातलं कौतुक गळून गेलं आणि 'बहिरा मिस्त्री' एवढंच उरलं. बसस्टँडकडच्या एका लॉजवाल्यानं दोघांना दारातूनच परत पाठवलं. "बहरे से बिजली का काम कौन करवाए भाई," असं सगळ्यांसमोर म्हणाला. हे मला भाजीवालीकडून कळलं, आणि हसत हसत कळलं.

त्यानंतर त्यांची स्कूटर वॉर्डात दिसेनाशी झाली. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. काय बोलणार होते?

पुन्हा पावसाळा आला. भाद्रपदातल्या एका रविवारी माझा ड्रायर पुन्हा थांबला. दुसरा मिस्त्री चार दिवसांनी येतो म्हणाला. घरात ओल्या चादरींचा ढीग. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि वहिनींना फोन लावला.

"येतो जी," एवढंच त्या म्हणाल्या.

ऑटोतून एकट्याच उतरल्या. पिशवी खांद्याला. चपला जोडीनं ठेवल्या, खिडकी लावली.

"भाऊ?"

"घरीच हायेत. निघत नाहीत आता कुठं. मोबाईलवर दाखवतो त्यायले. फोन धरा तुमी."

मी फोन हातात घेतला आणि दारातच उभी राहिले. "वहिनी, ते मी सांगितलं होतं. कचेरीत. माझ्याकडूनच झालं सगळं."

त्या पिशवीतून पाने-पेचकस काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले माहीत हाय."

"मग आलात कशाला?"

"तुमची आई हाय ना घरात," त्या म्हणाल्या. मग पाना हातात घेऊन, "राग हाय ताई. नाही कसा? पन चादरीचा ढीग दिसून राह्यला मले इथून. आधी हे पाहू."

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर भाऊंचा चेहरा आला, दाढी वाढलेली. मी कॅमेरा मशीनकडे वळवला. वहिनींनी झाकण उघडून पुन्हा घट्ट लावलं, कारण झाकण नीट बसलं नाही तर ड्रायर फिरतच नाही. टायमर दिला. घूं असा आवाज आला. त्यांनी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं दाबून कॅमेऱ्यापुढे धरली. भाऊंनी तिकडून मान हलवली आणि हवेत हात गोल फिरवून दाखवला. वहिनींनी प्लग काढला, हात आत घालून टब फिरवून पाहिला. अर्ध्यात अडकला.

"कंडेन्सर नोहे. खाली काही गुंतलं हाय."

भाऊंनी मूठ उलटी करून वर उचलली. म्हणजे टब काढ. मागचं झाकण उघडून वहिनींनी खालचा बोल्ट सैल केला. पाना दोनदा घसरला, बोटाचं सालटं निघालं. हे काम त्या आजवर फक्त पाहत आल्या होत्या. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी." त्यांनी ऐकलं नाही. टब वर आला तेव्हा खाली दांड्याला गुंडाळलेला एक लोकरी मोजा निघाला. मागच्या थंडीतला, आईचा. टबाच्या वरच्या फटीतून कधीतरी खाली गेला असावा आणि फिरून फिरून त्याचा दोर झाला होता.

टब परत बसला. टायमर दिला, ड्रायर फिरला. भाऊंना पडद्यावर फिरताना दिसला, त्यांनी अंगठा दाखवला. झालं.

वहिनींनी मान हलवली. "नाही झालं."

भाऊंनी पुन्हा अंगठा दाखवला. वहिनींनी मनगटावर बोट ठोकलं, थांबल्या, पुन्हा ठोकलं. "टक येते अजून. प्रत्येक फेऱ्याले. बोल्ट पुरा बसला नाही." मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. "जरा गप राहा जी," त्या म्हणाल्या. मी श्वास रोखला. आईच्या खोलीतला पंखा रात्रंदिवस चालू असायचा, तोही मी जाऊन बंद करून आले.

घर एकदम शांत झालं. ड्रायरचा आवाज, पागोळ्यांचा आवाज, आणि आतून आईचा. "आऽक... आऽक..."

"आठ दिवस हेच चाललंय," मी कुजबुजले. "अक्काला बोलावते. तिची मोठी बहीण. कधीच गेली. मी फोटो ठेवलाय तिच्यासमोर, तरी थांबत नाही."

वहिनींनी टायमर शून्यावर आणला. फोन माझ्या हातून घेऊन भाऊंना तळहात दाखवला, थांबा म्हणून, आणि आईच्या खोलीत गेल्या. पलंगाजवळ उकिडव्या बसल्या, डोळे मिटले. आई म्हणाली, "आऽक..." आई पुन्हा म्हणाली. आणखी एकदा म्हणाली. मला वाटलं, आता काहीतरी विचारावं हिनं. पण त्या नुसत्या बसून राहिल्या.

"अक्का नोहे ताई," शेवटी त्या म्हणाल्या. "सुरुवातीले व हाय, होटात अडकते. आन् मांगं ळ हाय. वाकळ म्हनून राह्यल्या त्या. वाकळ."

आईनं डोळे उघडले. डावा हात उचलला आणि पांघरुणावर आपटला. पुन्हा आपटला.

"यायचे मोजे काहून काढले जी? थंडी वाजते यायले."

जुन्या लुगड्यांची ती जाड वाकळ मी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बांधून माळ्यावर टाकली होती. ओली झाली तर वाळणार नाही, ड्रायरमध्ये मावणार नाही, म्हणून. शिवाय पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंखा चालू ठेवला होता. आठ दिवस माझी आई थंडीनं कुडकुडत वाकळ मागत होती, आणि मी तिच्यापुढे मेलेल्या बहिणीचा फोटो धरत होते.

मी माळ्यावर चढले. वाकळ काढून आणली, आईच्या अंगावर घातली. तिनं तिचा काठ हनुवटीपर्यंत ओढला आणि इतका मोठा उसासा सोडला की त्यात बोलणं सगळंच आलं. फोटोतली अक्का आमच्याकडे पाहत होती. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. वहिनींनी फोटो उचलून खिडकीत ठेवला.

"तुमी अर्थ लावून राह्यल्या ताई," त्या म्हणाल्या. "आधी आवाज तर पुरा येऊ द्या."

मग बाहेर येऊन त्यांनी मशीन पुन्हा उघडली आणि तो बोल्ट घट्ट केला. फोनवर भाऊ वाट पाहत बसलेच होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी डबा उघडायच्या आधी सगळ्यांना सांगितलं. आदल्या दिवशीचं सगळं, बोल्टाची टकसुद्धा. ज्याला मशीन दाखवायची असेल त्यानं वहिनींना फोन करा, असंही सांगितलं. दोघीतिघींनी केला. पुढे आणखी फोन जात राहिले. महिन्याभरानं स्कूटर वॉर्डात परत दिसली. आता वहिनी मशीन उघडायच्या आणि भाऊ शेजारी स्टुलावर बसून पाने हातात द्यायचे. लोक 'मिस्त्रीणबाई' म्हणायला लागले. मला वाटलं, माझ्या हातून थोडी तरी भरपाई झाली. तसं मी बोलूनही दाखवलं.

"तुमच्या सांगन्यानं नाही जी," वहिनी म्हणाल्या. "पावसाळा होता. लोकायचे कपडे वाळत नव्हते."

पण त्यानंतर त्या ड्रायरचं निमित्त नसतानाही यायला लागल्या. आईजवळ बसायच्या. आईचं बोलणं मला कळेना की समजावून सांगायच्या. एकदा आई बराच वेळ काही बोलली आणि वहिनी पोटभर हसल्या. मी विचारलं, काय म्हणाली? "तुमची भाजी खारट झाली म्हनून राह्यल्या, कालपासून." हळूहळू मलाही जमायला लागलं. मी गप बसायला शिकले होते. आईचे ओठ कुठे अडतात, जीभ कुठे घसरते, ते कळू लागलं. आई त्यानंतर पाच महिने होती. ते पाच महिने आम्ही दोघी बोललो. हे बोलणं मी मरेपर्यंत पुरवून पुरवून वापरणार आहे.

आई गेली त्या दिवशी वहिनी आल्या, मागच्या भिंतीला टेकून बसल्या. संध्याकाळी घरातल्या सगळ्या चादरी त्यांनीच धुतल्या, फिरवल्या आणि घड्या करून ठेवल्या.

पुढल्या वर्षी त्यांनी बालाघाट सोडलं. लांजीत मुलींच्या एका वसतिगृहात मोठ्या मशीन आल्या होत्या, त्या सांभाळायचं काम वहिनींना मिळालं. भाऊ वसतिगृहामागच्या, मेव्हण्याच्या भातशेतात जाऊ लागले. "बरं हाय ताई," वहिनी फोनवर सांगायच्या. "धानाच्या बांधीत त्यायले काही सांगावं लागत नाही. तिथं ऐकाले काय हाय? पानी, चिखल आन् बगळे."

गेल्या वर्षी एका लग्नासाठी मी लांजीला गेले. परतीच्या बसला अवकाश होता म्हणून न कळवताच वसतिगृहावर गेले. फाटकावरची बाई म्हणाली, "मैडम तो सामान लेने वारासिवनी गई हैं. भैया होंगे पीछे खेत में." मी मागच्या वाटेनं गेले. पाऊस दोन दिवस उघडला होता, ऊन स्वच्छ होतं. भाऊ बांधावर बसून कुदळीचा चिखल काढत होते. अंगानं भरले होते, चेहरा उन्हानं रापलेला. मला ओळखलं, उठून हात जोडले.

मी मोठ्यानं विचारलं, "वहिनी कधी येतील?" आणि लगेच माझी चूक माझ्या लक्षात आली. पण भाऊंना प्रश्न समजला होता. त्यांनी पश्चिमेकडे हात उचलला. तिकडे मोहाचं एक झाड होतं. त्याच्या शेंड्यापासून वीतभर वर त्यांनी तळहात आडवा धरला, तसाच जरा वेळ ठेवला. सूर्य तिथं आला की ती येईल.

मी आणलेला लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला बसायला बांधावरची कोरडी जागा हातानं झाडून दिली. आम्ही दोघं बसलो. पुढे धान वाऱ्यानं हलत होतं. बसची वेळ झाली तेव्हा मी उठले. बस त्या शेताजवळून गेली तेव्हा मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. सूर्य अजून मोहाच्या झाडावरच्या त्या जागेच्या बराच वर होता.